छोट्या विमानातील दीर्घ प्रवास आणि शरीरस्वास्थ्य

मुंबईहून कोलकात्यास जाणारे मोठे जेट विमान सुमारे अडीच तासांत आपला प्रवास पुरा करते. हाच सुमारे १,६५० किलोमीटरचा पल्ला सेस्ना १७२ सारख्या एका इंजिनाच्या, चार आसनांच्या खाजगी विमानाने गाठावयाचा झाल्यास निव्वळ उड्डाणालाच आठ तासांहून अधिक वेळ लागतो. शिवाय इंधनासाठी वाटेत निदान एकदा उतरावे लागते. वेळेच्या या फरकापेक्षाही मोठा फरक आहे तो परिस्थितीचा. जेट विमानातील प्रवासी बंदिस्त कक्षात बसलेला असतो. बाहेरची हवा कितीही विरळ असली, तरी कक्षातील हवेचा दाब १,८०० ते २,४०० मीटर उंचीवरील दाबाइतका राखलेला असतो. तापमान नियंत्रित असते, उठून चार पावले चालता येते, प्रसाधनगृह जवळच असते आणि विमान चालविण्याचा भार दोन वैमानिकांनी वाटून घेतलेला असतो. बहुतेक छोट्या विमानांत यांपैकी काहीच नसते. बाहेरच्या हवेचा जो दाब तोच आतल्या हवेचा. इंजिन पायांपुढे हातभर अंतरावर, कक्षाची रुंदी जेमतेम एक मीटर, आणि एकदा पट्टा बांधून बसले की उतरेपर्यंत उठण्याची सोय नाही.

अशा प्रवासाच्या संदर्भात ‘आराम’ हा शब्द काहीसा चैनीचा वाटण्याचा संभव आहे. परंतु छोट्या विमानात प्रवास करणारा आणि विमान चालविणारा हे बहुधा एकच असतात, हे विसरून चालणार नाही. मोटार चालविणारा थकला तर रस्त्याच्या कडेला गाडी उभी करू शकतो. वैमानिकाला मात्र विश्रांतीसाठी आधी विमानतळ शोधावा लागतो, वाऱ्याचा अंदाज घ्यावा लागतो आणि विमान सुखरूप उतरवावे लागते. प्रवासातील सर्वांत अवघड काम अशा रीतीने शरीर सर्वांत थकलेले असताना वाट्याला येते. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. आकाशातील कित्येक त्रास वेदनेच्या रूपाने प्रकटच होत नाहीत. त्रास होत आहे हे जिच्यामुळे कळावयाचे ती विवेकशक्तीच ते प्रथम बोथट करतात. ‘बरे वाटत आहे’ एवढ्यावर विसंबणे म्हणूनच धोक्याचे ठरते. शरीरस्वास्थ्याची व्यवस्था जमिनीवर असतानाच करावी लागते, आणि हवेत गेल्यावर ती मनाच्या लहरीवर न सोपविता घड्याळ व उपकरणे यांच्या आधारे पाळावी लागते.

उंची आणि प्राणवायू

विमाने ज्या उंचीवर उडतात तेथेही हवेतील प्राणवायूचे प्रमाण सुमारे २१ टक्केच असते. घटतो तो हवेचा दाब. ३,००० मीटर उंचीवर हा दाब समुद्रसपाटीवरील दाबाच्या सुमारे ७० टक्के असतो, तर ५,५०० मीटर उंचीवर तो निम्मा होतो. दाब घटला की फुप्फुसांतून रक्तात शिरणारा प्राणवायूही घटतो. मेंदूला प्राणवायूची गरज सर्वांत अधिक असल्याने या टंचाईची झळ प्रथम त्यालाच लागते. जांभया येतात, डोके जड होते, बोटांना मुंग्या येतात, साध्या बेरजा-वजाबाक्या चुकू लागतात. कित्येकांच्या बाबतीत मात्र यांपैकी काहीही जाणवण्यापूर्वी एक प्रकारचा खोटा उत्साह संचारतो. आपले सर्व काही उत्तम चालले आहे, असे त्या वैमानिकाला मनापासून वाटत असते.

विमानविद्येत उंची फुटांत मोजण्याचा प्रघात आहे. अमेरिकेतील नियमानुसार कक्षातील हवेचा दाब १२,५०० फूट, म्हणजे सुमारे ३,८०० मीटर उंचीवरील दाबाहून कमी असेल आणि त्या स्थितीत अर्ध्या तासापेक्षा अधिक काळ उडावयाचे असेल, तर पुढील काळात वैमानिकाने प्राणवायू घेणे बंधनकारक आहे. १४,००० फुटांच्या वर तो सतत घ्यावा लागतो. ही झाली कायद्याची किमान मर्यादा. दिवसा १०,००० फुटांच्या वर आणि रात्री ५,००० फुटांच्या वर प्राणवायू वापरावा, असा तेथील विमान वाहतूक प्रशासनाचा सल्ला आहे. रात्रीसाठी मर्यादा इतकी खाली आणण्याचे कारण असे की, अंधुक प्रकाशात पाहण्याची डोळ्यांची शक्ती १,५०० मीटर उंचीवरच कमी होऊ लागते.

उंचावरून जाण्याचे फायदे आहेत, हे नाकारता येत नाही. तेथील हवा थंड आणि बहुधा शांत असते. पाठीमागून वारा मिळाला तर वेळ व इंधन वाचते. परंतु हे फायदे मिळवावयाचे तर प्राणवायूचे छोटे नळकांडे आणि नाकात बसविण्याची नळी बरोबर असली पाहिजे. बोटाला चिमट्याप्रमाणे लावून रक्तातील प्राणवायूचे प्रमाण दाखविणारे स्वस्त उपकरण आता सहज मिळते. दर अर्ध्या तासाने त्यावरील आकडा पाहण्याचा शिरस्ता ठेवावा. आपण ठीक आहोत की नाही याचा निर्णय त्या आकड्यावरून घेणे हे स्वतःच्या भावनेवरून घेण्यापेक्षा केव्हाही श्रेयस्कर होय.

ऊब, थंडी आणि विषारी वायू

दर हजार मीटर उंचीमागे तापमान सरासरी साडेसहा अंश सेल्सियसने उतरते. नागपूरच्या मे महिन्यातील ४५ अंशांच्या दुपारी ३,००० मीटरवर गेलेल्या वैमानिकाला पंचवीस अंशांच्या आसपासची सुखद हवा मिळू शकते. उलट जमिनीवर १५ अंश असताना निघालेला प्रवासी त्याच उंचीवर शून्याखालील तापमानात जाऊन पोहोचतो. एकाच दिवसात दोन्ही ऋतू भोगावे लागत असल्याने एका जाड कपड्यापेक्षा एकावर एक चढविता येतील असे तीन-चार पातळ कपडे उपयोगी पडतात. थंडी प्रथम पायांना जाणवते. म्हणून लोकरी मोज्यांचा एक जोड हाताशी असावा. उन्हासाठी मऊ टोपी आणि काळा चष्मा आवश्यक असतो. मात्र ध्रुवित काचांचा चष्मा वापरू नये. त्यातून काही उपकरणांच्या तबकड्या नीट दिसत नाहीत.

कपड्यांना इतके महत्त्व देण्यामागे आणखी एक कारण आहे. एका इंजिनाच्या बहुतेक छोट्या विमानांत कक्ष उबदार ठेवण्याची योजना अगदी साधी असते. इंजिनाचा तप्त धूर ज्या सायलेन्सरमधून बाहेर पडतो, त्याभोवती पत्र्याचे आवरण असते. या दोहोंमधील पोकळीतून बाहेरची हवा खेळवितात आणि तापलेली हवा कक्षात सोडतात. धूर आणि श्वासाची हवा यांच्यामध्ये अशा रीतीने केवळ धातूचा एक पातळ पडदा असतो. त्याला तडा गेला तर धुरातील कार्बन मोनॉक्साइड वायू उबेबरोबर आत शिरतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हीमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्टपणे चिकटतो, त्यामुळे प्राणवायूला जागाच उरत नाही. डोकेदुखी, मळमळ आणि गुंगी ही त्याची लक्षणे आहेत. दीर्घ प्रवासात ही सारी लक्षणे साध्या थकव्याची म्हणून सहज खपून जातात.

हा धोका केवळ पुस्तकी नाही. २१ जानेवारी २०१९ च्या रात्री फ्रान्समधील नांत येथून वेल्समधील कार्डिफकडे निघालेले पायपर मालिबू जातीचे एका इंजिनाचे विमान इंग्लिश खाडीत कोसळले. त्यात वैमानिक आणि फुटबॉलपटू एमिलियानो साला या दोघांचा अंत झाला. ब्रिटनच्या हवाई अपघात अन्वेषण शाखेला साला यांच्या रक्तातील कार्बन मोनॉक्साइडने व्यापलेल्या हीमोग्लोबिनचे प्रमाण ५८ टक्के आढळले. हे प्रमाण प्राणघातक होय. वळण घेत असताना वैमानिकाचा विमानावरील ताबा सुटला आणि त्यालाही या वायूची बाधा झालेली असण्याचा संभव होता, असे मार्च २०२० मधील अहवालात नमूद आहे. विमानात या वायूची सूचना देणारे उपकरण नव्हते, आणि अशी उपकरणे सक्तीची करावीत अशी शिफारस शाखेने केली.

रंग बदलणाऱ्या ठिपक्याचे कागदी सूचक स्वस्त असतात. परंतु त्यांची मुदत संपते आणि गुंगी आलेल्या माणसाचे त्यांच्याकडे लक्षही जात नाही. म्हणून घंटा वाजविणारे विद्युत्-उपकरण अधिक विश्वसनीय. घंटा वाजताच, किंवा ऊब सुरू असताना डोके दुखू लागताच, उष्ण हवेची झडप बंद करावी, ताज्या हवेच्या खिडक्या पूर्ण उघडाव्यात, प्राणवायू जवळ असल्यास तो घ्यावा आणि नजीकच्या विमानतळावर उतरावे. अंगावर पुरेसे कपडे असतील तरच हे सर्व मनात काही न आणता करता येते. थंडीने कुडकुडणारा वैमानिक झडप बंद करण्यास नाखूश असतो.

आवाज, कंपने आणि आसन

छोट्या विमानाच्या कक्षातील आवाज बहुधा ९० डेसिबलच्या आसपास किंवा त्याहून अधिक असतो. दिवसाचे आठ तास ८५ डेसिबल ही श्रवणसुरक्षेची मर्यादा सामान्यतः मानली जाते. या आवाजाने कानांना इजा होतेच, पण त्याआधी मन थकते. अखंड घरघरीतून नियंत्रण कक्षाचे शब्द वेचून काढण्यासाठी मेंदूला सतत श्रम करावे लागतात आणि संध्याकाळी जो शीण जाणवतो त्यात या श्रमांचा वाटा मोठा असतो.

यावरील आधुनिक उपायाच्या इतिहासात एका भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञाचे नाव येते. बंगालमधून अमेरिकेस गेलेल्या एका क्रांतिकारकाचे पुत्र अमर बोस हे मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे प्राध्यापक होते. १९७८ मध्ये झुरिचहून परतताना विमानात मिळालेल्या हेडफोनमधून संगीत नीट ऐकू येईना, तेव्हा नको असलेल्या ध्वनिलहरींच्या बरोबर उलट लहरी निर्माण करून आवाज निष्प्रभ करण्याच्या कल्पनेवर त्यांनी त्याच प्रवासात आकडेमोड सुरू केली. डिसेंबर १९८६ मध्ये डिक रुटान आणि जीना येगर यांनी ‘व्हॉयेजर’ विमानातून वाटेत न उतरता व इंधन न घेता नऊ दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा केली, तेव्हा आडव्या ठेवलेल्या टेलिफोनच्या खोक्याएवढ्या कक्षात त्यांच्या कानांवर अशाच हेडफोनचे प्रायोगिक नमुने होते. १९८९ पासून वैमानिकांसाठी ते बाजारात आले. ज्यांना ते परवडत नाहीत त्यांनी साध्या हेडफोनखाली मऊ बोळे कानात घातले तरी पुष्कळ लाभ होतो. हेच साधन मागच्या आसनांवरील प्रवाशांनाही द्यावयास हवे, हे बहुधा विसरले जाते.

आसनाच्या बाबतीत दोन गोष्टी पुरेशा आहेत. कमरेच्या खोलगट भागामागे गुंडाळलेला टॉवेल ठेवल्यास पाठीला आधार मिळतो आणि मागच्या खिशातील पाकीट काढून ठेवल्यास मांडीवर एका बाजूने येणारा दाब टळतो. फार जाड व लुसलुशीत गादी मात्र घेऊ नये. तीमुळे पट्टा सैल राहतो आणि बसण्याची उंची बदलल्याने उतरताना जमिनीचा अंदाज चुकू शकतो. तासन् तास पाय लोंबत ठेवल्यास पोटऱ्यांतील रक्त साकळते, घोटे सुजतात आणि क्वचित शिरांत गाठी होण्याचा धोका असतो. दर अर्ध्या तासाने टाचा व चवडे आळीपाळीने उचलणे हा सोपा व्यायाम बसल्या जागी करता येतो. परंतु जमिनीवर उतरून दहा मिनिटे चालण्याची सर कशालाच नाही.

पाणी, अन्न आणि देहधर्म

छोट्या विमानात प्रसाधनगृह नसते, या कारणास्तव अनेक वैमानिक निघण्यापूर्वी व प्रवासात पाणी पिण्याचेच टाळतात. सोयीसाठी केलेली ही काटकसर महागात पडते. उंचावरील हवा कोरडी असते. घाम चटकन वाळून जात असल्याने तो आला होता हेही कळत नाही. शरीरातील पाणी कमी झाले की डोके दुखते, लक्ष विचलित होते आणि झोप येऊ लागते. तहानेची जाणीव उशिरा होते. म्हणून तहान लागण्याची वाट न पाहता ठरावीक अंतराने थोडे थोडे पाणी प्यावे. चहा-कॉफीचे प्रमाण मर्यादित असावे.

मग देहधर्माचा प्रश्न उरतो. त्यावरील पहिला व उत्तम उपाय म्हणजे निघण्यापूर्वी आठवणीने जाऊन येणे आणि दोन-तीन तासांच्या टप्प्याने उतरणे. परंतु वारा उलट असतो, हवामानामुळे वळसा पडतो आणि तीन तासांचे साडेचार तास होतात. अशा वेळेसाठी रुंद तोंडाची, घट्ट झाकणाची बाटली, किंवा द्रव शोषून त्याची खळ करणाऱ्या भुकटीच्या पिशव्या विमानात असाव्यात. स्त्रियांसाठी वेगळ्या घडणीची साधने मिळतात. कोणतेही साधन प्रथमच हवेत वापरण्याचा प्रसंग येऊ देऊ नये. त्याची सवय घरीच करून घ्यावी. सोबतच्या प्रवाशांशी याविषयी निघण्यापूर्वीच मोकळेपणाने बोलावे. संकोचामुळे तासभर कळ सोसत बसलेला वैमानिक विमान घाईने उतरवू पाहतो, आणि घाईत केलेले अवतरण धोक्याचे असते.

अन्नाच्या निवडीत वायूचा एक साधा नियम लक्षात घ्यावा. बाहेरचा दाब घटला की बंद जागेतील वायू फुगतो. आतड्यांतील वायूही यास अपवाद नाही. ५,५०० मीटरवर तो दुप्पट जागा व्यापू पाहतो आणि ३,००० मीटरवरही पोट तडस लागल्यासारखे होते. म्हणून आदल्या रात्री आणि प्रवासाच्या दिवशी राजमा, हरभरे, वाटाणे, कोबी व सोडायुक्त पेये वर्ज्य करावीत. तथापि उपाशी राहणेही योग्य नाही. केळी, पोळीची गुंडाळी, सुका मेवा, संत्र्याच्या फोडी असे एका हाताने खाता येणारे, न सांडणारे पदार्थ थोडे थोडे खावेत.

येथे एक इशारा देणे अगत्याचे आहे. बाटली, चष्म्याचे घर, फळ अशी कोणतीही सुटी वस्तू पायांजवळ राहता कामा नये. ती घरंगळत सुकाणूच्या पायपट्ट्यांखाली अडकली, तर आरामासाठी आणलेली वस्तूच अपघाताचे कारण होऊ शकते. सर्व सामान एका पिशवीत, हाताच्या टप्प्यात, पण पायपट्ट्यांपासून दूर बांधून ठेवावे.

कान आणि हवेतील धक्के

कानाचा मध्यभाग एका अरुंद नलिकेने घशाशी जोडलेला असतो. विमान वर चढताना मध्यकर्णातील अधिक दाबाची हवा या नलिकेतून सहज बाहेर पडते. उतरताना मात्र हवेला आत शिरावयाचे असते आणि नलिकेचे मऊ तोंड मिटून जाते. यामुळे कानाचा त्रास उतरतानाच अधिक होतो. गिळणे, जांभई देणे, काही चघळणे, किंवा नाक-तोंड बंद करून हळूच हवा फुंकणे हे त्यावरील उपाय होत. तान्ह्या मुलास उतरताना दूध पाजावे आणि झोपलेल्या प्रवाशांस आधी जागे करावे, कारण झोपेत गिळण्याची क्रिया मंदावते. सर्दी झाली असता उड्डाण पुढे ढकलणेच शहाणपणाचे.

खरा उपाय वैमानिकाच्या हाती असतो. मिनिटास १५० मीटर, म्हणजे ५०० फुटांच्या बेताने खाली आल्यास बहुतेकांचे कान सहज जुळवून घेतात. ३,००० मीटरवरून या गतीने उतरण्यास वीस मिनिटे लागतात आणि तेवढ्या वेळात विमान ६५ ते ७० किलोमीटर पुढे जाते. याचा अर्थ असा की, प्रवाशांच्या कानांची काळजी विमानतळ दृष्टिपथात येण्यापूर्वीच घ्यावी लागते.

विमान लागण्याचे मूळ डोळे आणि अंतर्कर्ण यांच्यातील विसंवादात आहे. पुस्तकात पाहणाऱ्या प्रवाशाचे डोळे ‘सर्व स्थिर आहे’ असे सांगतात, तर अंतर्कर्णातील तोलाचे इंद्रिय हेलकाव्यांची वार्ता देते. अशा प्रवाशास पुढच्या आसनावर बसवावे, दूर क्षितिजाकडे पाहण्यास सांगावे आणि त्याच्या चेहऱ्यावर थंड हवेचा झोत सोडावा. मळमळीवरील पुष्कळ औषधांनी झोप येते. ती प्रवाशास वैद्यकीय सल्ल्याने देता येतील, वैमानिकाने मात्र घेऊ नयेत.

धक्के टाळण्याचा सर्वांत चांगला मार्ग म्हणजे वेळेची निवड. ऊन चढले की नांगरलेली शेते, उघडे खडक व डांबरी रस्ते तापतात आणि त्यांवरील उष्ण हवेचे झोत वर चढू लागतात. उन्हाळ्यात दख्खनच्या पठारावर दुपारी ही हवा विमानाला अक्षरशः घुसळून काढते. पहाटे निघणाऱ्यास ती शांत मिळते. थंड हवा अधिक दाट असल्याने इंजिन व पंख दोन्ही चांगले काम करतात आणि धावपट्टीवर धावण्याचे अंतरही कमी लागते. प्रवाशाची सोय आणि विमानाची सुरक्षितता या ठिकाणी एकमेकींशी पूर्णपणे जुळतात.

थकवा

सर्व त्रासांची गोळाबेरीज थकव्यात होते. चार्ल्स लिंडबर्ग यांनी २० व २१ मे १९२७ रोजी न्यूयॉर्क ते पॅरिस हा सुमारे ५,८०० किलोमीटरचा प्रवास साडेतेहतीस तासांत एकट्याने केला. वजन वाचविण्यासाठी त्यांनी वेताची खुर्ची घेतली होती आणि खाण्यास पाच सँडविच. परंतु उड्डाणाच्या आदल्या रात्री त्यांना झोप मिळाली नव्हती, आणि इंधनापेक्षाही हीच उणीव त्यांना अधिक जाचली. जागे राहण्यासाठी ते खिडकीतील थंड वारा तोंडावर घेत. उत्तरार्धात त्यांना कक्षात माणसांच्या आकृती दिसू लागल्या आणि त्यांचे बोलणे ऐकू येऊ लागले, असे त्यांनी पुढे लिहिले आहे. त्यांचे विमान स्वभावतः अस्थिर असल्याने हात ढिला पडताच ते वाट सोडून भरकटे, आणि त्या हिसक्याने त्यांना जाग येई.

याच्या उलट बाजूचे उदाहरण लास व्हेगास येथील आहे. रॉबर्ट टिम आणि जॉन कुक हे ४ डिसेंबर १९५८ रोजी एका सेस्ना १७२ मधून उडाले आणि ७ फेब्रुवारी १९५९ रोजी उतरले. ६४ दिवस, २२ तास आणि १९ मिनिटे ते सतत हवेत होते. सरळ रस्त्यावरून धावणाऱ्या ट्रकमधून त्यांना इंधन मिळे. ज्या हॉटेलच्या प्रसिद्धीसाठी हे उड्डाण होते, त्याच्या स्वयंपाकघरातील पदार्थ बारीक चिरून थर्मासमधून वर पाठविले जात. वैमानिकाशेजारचे आसन काढून तेथे गादी घातली होती. आंघोळीसाठी एक दिवसाआड सुमारे लिटरभर पाणी, साबण व टॉवेल मिळे. आळीपाळीने झोपण्याची व्यवस्था होती. इतकी तरतूद असूनही जानेवारीतील एका पहाटे टिम यांना विमान चालवितानाच झोप लागली आणि तासाहून अधिक काळ विमान केवळ स्वयंचलित सुकाणूच्या भरवशावर उडत राहिले.

या दोन प्रसंगांतून निघणारा निष्कर्ष स्पष्ट आहे. साचत गेलेल्या झोपेच्या ऋणाला निश्चयाने किंवा थंड वाऱ्याने थोपवून धरता येत नाही. ते केवळ झोपेनेच फिटते. लिंडबर्ग यांना त्यांच्या विमानाच्या अस्थिरतेने वाचविले, तर टिम यांना यंत्राच्या स्थिरतेने. दोघांनाही स्वतःच्या सावधपणाने वाचविले असे म्हणता येणार नाही. म्हणून दीर्घ उड्डाणाच्या आदल्या रात्री पुरी झोप मिळाली नसेल, तर प्रवासाचा बेत बदलावा. एकाच दिवसात किती तास उडावयाचे याची मर्यादाही घरीच, नकाशा समोर ठेवून ठरवावी.

प्रवासाची आखणी

जुन्या व नव्या यशस्वी उड्डाणांकडे पाहिले असता त्यांत टप्प्यांची आखणी प्रामुख्याने दिसून येते. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून टपाल घेऊन ‘पस मॉथ’ विमानातून उड्डाण केले, ते अहमदाबाद येथे उतरून मग मुंबईच्या जुहू विमानतळावर आले. १९८२ मध्ये, वयाच्या ७८ व्या वर्षी, त्यांनी ‘लेपर्ड मॉथ’ या त्याच घराण्यातील विमानातून तो प्रवास पुन्हा केला. मुंबईच्या आरोही पंडित यांनी मे २०१९ मध्ये एका हलक्या क्रीडा-विमानातून एकटीने अटलांटिक महासागर ओलांडला, तोही स्कॉटलंडहून आइसलँड व ग्रीनलँड येथे थांबत कॅनडापर्यंत. महासागरासारखा अडथळाही शरीराला झेपतील अशा तुकड्यांत विभागता येतो, हे या उदाहरणावरून ध्यानी येते.

सामान्य प्रवासासाठीही हेच तत्त्व लागू आहे. विमानात इंधन साडेचार तासांचे असले तरी टप्पा अडीच ते तीन तासांचा धरावा. उरलेले इंधन वाऱ्यासाठी व हवामानासाठी राखीव राहते आणि वाचलेला वेळ शरीराच्या उपयोगी पडतो. प्रत्येक टप्प्यावर मध्ये पडणारा एक पर्यायी विमानतळ आधीच निवडलेला असावा. प्रवाशांना उड्डाणाची उंची, वाटेतील थांबे, इंजिनाच्या आवाजात होणारे बदल यांची कल्पना अगोदर द्यावी. अज्ञात आवाजाने जितके मन अस्वस्थ होते तितके धक्क्याने होत नाही. एखाद्यास नकाशावरील नद्या व रेल्वेमार्ग ओळखण्याचे काम द्यावे. त्याचा वेळ चांगला जातो आणि वैमानिकास डोळ्यांची आणखी एक जोडी लाभते.

हवेत असताना दर अर्ध्या तासाने करावयाच्या गोष्टी एका कागदावर लिहून समोर लावाव्यात: इंधनाची टाकी व मापके पाहणे, रक्तातील प्राणवायूचा आकडा पाहणे, पाण्याचे काही घोट घेणे, पाय हलविणे आणि पुढील टप्प्याचे साधे गणित मनात करणे. हे नेहमीचे गणित दुसऱ्यांदा करावे लागले किंवा नियंत्रण कक्षाचा संदेश पुन्हा विचारावा लागला, तर ती थकव्याची अथवा प्राणवायूच्या उणिवेची पहिली खूण समजावी. अशा वेळी ठरलेले गाव अर्ध्या तासावर असले तरी मधल्या विमानतळावर उतरणेच योग्य. तेथे पाणी पिऊन, थोडे चालून, गरज पडल्यास रात्रभर मुक्काम करून पुढे गेल्याने प्रवास काही तास लांबतो, एवढेच.